मांस चर्रकन भाजलं की रस आत लॉक होतो, हे जगाच्या गळी उतरवणाऱ्या केमिस्टची गोष्ट

रात्री रील्स स्क्रोल करताना एक व्हिडिओ हमखास येतो. धूर निघेपर्यंत तापलेला पॅन. त्यात पांढरेशुभ्र गोल तुकडे घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडत जाणारा शेफ. चर्र असा आवाज. दोन मिनिटांनी तुकडा उलटला की वर आलेला तो खरपूस तपकिरी रंग. आणि शेवटी हे तुकडे जाऊन बसतात स्वीट कॉर्नच्या पिवळ्याधमक, क्रीम घालून घोटलेल्या ग्रेव्हीवर.

हे पांढरे तुकडे म्हणजे स्कॅलॉप. शेलच्या पेट्रोल पंपावर जो पंख्यासारखा पिवळा शिंपला दिसतो ना, तोच हा प्राणी. आपल्याकडच्या तिसऱ्यांचा लांबचा भाऊबंद म्हणा. शिंपल्याची दोन झाकणं उघडबंद करणारा जो जाडजूड स्नायू असतो तेवढाच बहुतेक ठिकाणी खातात. चवीला गोडसर, म्हणून जोडीला गोड मका.

आता या व्हिडिओत शेफ एक वाक्य ठरलेलं टाकतो. मोठ्या आचेवर भाजा, म्हणजे बाहेरून कवच तयार होतं आणि आतला रस लॉक होतो. स्कॅलॉप असो, चिकन असो नाहीतर मटणाची चाप, वाक्य तेच.

कृती बरोबर आहे. कारण साफ चूक आहे.

आणि हे चुकीचं कारण एखाद्या आचाऱ्याने शोधून काढलेलं नाही. ते आलं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपमधल्या सगळ्यात मोठ्या केमिस्टकडून. बारावी सायन्सवाल्यांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं. लॅबमध्ये वाफ थंड करायला जी काचेची दुहेरी नळी वापरतात तिला लिबिग कंडेन्सर म्हणतात. गंमत म्हणजे ती नळीही त्याने शोधलेली नव्हती, फक्त सगळीकडे पोहोचवली होती. तोच हा जस्टस लिबिग.

लिबिगचा जन्म १८०३ चा, जर्मनीतल्या डार्मश्टाट गावातला. वडिलांचं दुकान होतं रंग, वार्निश आणि असल्याच सटरफटर रसायनांचं. दुकानाला लागून एक छोटी कार्यशाळा. पोरगा शाळेत रमायचा नाही, पण या कार्यशाळेत तासन्‌तास बसायचा. शाळेत मास्तरांनी पुढे काय होणार असं विचारल्यावर त्याने केमिस्ट असं उत्तर दिलं आणि अख्खा वर्ग हसला, हा किस्सा त्याच्या नावावर कायम सांगितला जातो. तेव्हा केमिस्ट हा काही पोटापाण्याचा धंदाच मानला जात नव्हता.

गावच्या बाजारात एक फेरीवाला यायचा. तो फट्‌कन वाजणारे छोटे बार विकायचा. त्यात चांदीपासून केलेलं एक स्फोटक असायचं. लिबिगने त्याचं काम बघून बघून ते घरी बनवायला सुरुवात केली. पुढे त्याला हेपेनहाइम गावातल्या एका औषधवाल्याकडे उमेदवारीला ठेवलं, तर तिथूनही काही महिन्यांत घरी परत. माडीवर स्फोट केला म्हणून हाकलला असं एक जण सांगतो, बापाला फी परवडली नाही असं दुसरा.

याच वयात त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीची राख आकाशात पसरली होती, पिकं बुडाली, धान्याचे भाव कडाडले, जर्मनीत लोक उपाशी मेले. लिबिग तेव्हा १३ वर्षांचा. पुढे आयुष्यभर तो शेती आणि अन्न याच दोन विषयांभोवती का फिरत राहिला, याचं मूळ अनेक अभ्यासक या उपासमारीत शोधतात.

बॉन, मग एरलांगेन अशी दोन विद्यापीठं झाली. विद्यार्थ्यांच्या राड्यात नाव आल्यावर तिथूनही पाय काढावा लागला. पण नशीब जोरावर. त्याच्या संस्थानच्या राजाने स्कॉलरशिप दिली आणि पोरगा पॅरिसला पोहोचला. तिथे गे-ल्युसॅक या दिग्गजाच्या लॅबमध्ये त्याने काम केलं कशावर? तर लहानपणीच्या त्याच फटाक्यातल्या स्फोटकावर. प्रसिद्ध शास्त्रज्ञ हम्बोल्ट याने त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि १८२४ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, लिबिग गीसेन विद्यापीठात प्रोफेसर झाले.

गीसेन म्हणजे आडगाव. लॅब कुठे, तर शिपायांच्या एका रिकाम्या पडलेल्या चौकीत. पण लिबिग यांनी तिथे जे केलं त्याने केमिस्ट्री शिकवण्याची पद्धतच बदलली. तोपर्यंत प्रोफेसर प्रयोग करणार आणि पोरं लांबून बघणार, असा मामला होता. लिबिग यांनी पोरांच्या हातात उपकरणं दिली. १८३१ मध्ये त्यांनी पाच फुग्यांचं काचेचं एक यंत्र बनवलं. एखाद्या पदार्थात कार्बन किती हे मोजायला आधी कसबी माणूस लागायचा, आता ते काम विद्यार्थीही करू लागले. केकुले, हॉफमन, फ्रँकलंड ही पुढे गाजलेली मंडळी याच लॅबमधून गेली.

माणूस मात्र तापट. वाद घालायला कायम तयार. ज्यांच्याशी आयुष्यभर जमलं ते फ्रीडरिश व्होलर हेसुद्धा भांडणातूनच मिळालेले मित्र. दोघांनी वेगवेगळ्या पदार्थांचं पृथक्करण केलं, आकडे तंतोतंत सारखे आले. दुसऱ्याचं चुकलं असणार असं लिबिग यांना वाटलं. पण दोघंही बरोबर निघाले. घटक तेच, प्रमाण तेच, तरी पदार्थ दोन. आज पोरं आयसोमर म्हणून जे शिकतात ते या भानगडीतून पुढे आलं.

१८४० मध्ये त्यांचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि ते घराघरात पोहोचले. झाड कुजलेल्या पालापाचोळ्यातून नाही तर खनिजांमधून अन्न घेतं, आणि जे खनिज सगळ्यात कमी असेल तेच पिकाची वाढ अडवून धरतं, ही कल्पना त्यांनी जगभर नेली. मूळ कल्पना कार्ल श्प्रेंगेल यांची, प्रसिद्धी लिबिग यांची. आज कृषी केंद्रात १०:२६:२६ चं पोतं मागणारा आपल्याकडचा शेतकरी याच विचारावर चाललेला असतो.

पण त्यांनी स्वतः खत काढलं तेव्हा फजिती झाली. पावसाने खत वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते असं वितळवून घट्ट केलं की ते पाण्यात विरघळेचना. मग मुळांना मिळणार काय? शिवाय नायट्रोजन पिकाला हवेतून मिळतो, वेगळा द्यायची गरज नाही, असंही ते म्हणत राहिले. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतावर लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने वर्षानुवर्षं पिकं घेऊन ते खोडून काढलं.

या माणसाची खोड इथे लक्षात ठेवा. कल्पना जबरदस्त, मांडणी त्याहून जबरदस्त, पण करून बघायच्या आधीच जगाला सांगून मोकळा.

आता येऊ मांसाकडे.

१८४० च्या दशकात लिबिग यांनी मांसाचा रस तपासायला घेतला. म्हणजे मांस बारीक कापायचं, पाण्यात पिळायचं आणि त्या पाण्यात काय काय उतरलं ते शोधायचं. यात त्यांना क्रिएटिन सापडलं. हो, जिमवाल्यांच्या डब्यातलं तेच. त्याचा शोध आधी शेव्ह्रल या फ्रेंच केमिस्टने लावला होता, पण लिबिग यांनी ते वेगवेगळ्या प्राण्यांच्या मांसात मोजलं. शिकारीत पळून पळून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात ते पिंजऱ्यातल्या कोल्ह्यापेक्षा दहापट भरलं, तेव्हा स्नायूंच्या कामाशी त्याचा संबंध असावा हे त्यांनी ओळखलं. याच रसात त्यांना आणखी एक आम्ल मिळालं, इनोसिनिक ॲसिड. हे नाव लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

१८४७ मध्ये हे सगळं पुस्तकरूपात आलं, आणि त्यात स्वयंपाकाचा सल्लाही आला. लिबिग यांचं म्हणणं थोडक्यात असं. मांसाचं खरं सत्त्व त्याच्या रसात असतं. थंड पाण्यात मांस टाकून हळूहळू तापवलं तर हे सत्त्व पाण्यात उतरतं आणि मागे चोथा राहतो. म्हणून मांस थेट उकळत्या पाण्यात सोडायचं. अंड्याचा पांढरा भाग गरम लागताच घट्ट होतो, तसंच मांसाच्या बाहेरच्या थरातलं प्रथिन घट्ट होईल, त्याचं कवच बनेल, मग पाणी आत जाणार नाही आणि रस बाहेर येणार नाही. भाजतानाही हाच नियम.

ऐकायला किती पटतं बघा. आणि सांगणारा कोण, तर खुद्द लिबिग.

त्याआधी युरोपातल्या घरांमध्ये बऱ्याचदा उलटं चालायचं. मांस आगीपासून लांब ठेवून निवांत भाजायचं आणि शेवटी जवळ नेऊन रंग आणायचा. लिबिग यांच्या पुस्तकानंतर हे बदलत गेलं. इंग्लंडमधल्या गाजलेल्या लेखिका एलायझा ॲक्टन यांनी १८५५ मध्ये आपल्या पाकपुस्तकाची नवी आवृत्ती काढली, तर मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकातच बॅरन लिबिग यांची तत्त्वं वापरल्याचा उल्लेख होता. बॅरन, कारण १८४५ पासून ते सरदार झाले होते, नावात फॉन लागलं होतं. पुढे फ्रेंच स्वयंपाकाचे बादशहा ऑग्युस्त एस्कॉफिए यांनीही हाच समज उचलून धरला. एस्कॉफिए यांच्या हाताखालून तयार झालेले शेफ जगभरच्या हॉटेलांत गेले. विषय तिथेच पक्का झाला.

इकडे १८५२ मध्ये लिबिग गीसेन सोडून म्युनिकला गेले. बव्हेरियाच्या राजाने मोठ्या मानाने बोलावलं होतं. तिथे त्यांची संध्याकाळची व्याख्यानं म्हणजे शहरातला इव्हेंट. १८५३ मध्ये तर राजघराण्यासमोर प्रयोग करताना काचेचं भांडंच फुटलं, राणी थेरेसा आणि राजपुत्र लुइटपोल्ड यांना तुकडे लागले. जखमा किरकोळ होत्या म्हणून निभावलं.

मांसाच्या रसाचं वेड मात्र सुटलं नव्हतं. त्यांच्या एका मित्राची मुलगी, एमा मस्प्रॅट, आजारी पडली. काही गिळता येईना. लिबिग यांनी मांसाचा अर्क काढून तिला दिला, मुलगी बरी झाली. झालं, मांसाचा अर्क म्हणजे संजीवनी यावर त्यांचा विश्वास पक्का बसला. अडचण एकच होती. एक किलो अर्काला सुमारे ३० किलो मांस लागायचं आणि युरोपात ते परवडणारं नव्हतं.

तेव्हा गीबर्ट नावाच्या एका जर्मन इंजिनिअरने डोकं लावलं. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेमध्ये गुरं फक्त कातड्यासाठी मारली जायची, मांस अक्षरशः फेकून दिलं जायचं. त्याने लिबिग यांना गाठलं. १८६५ मध्ये लंडनमध्ये लिबिग यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि उरुग्वे नदीकाठच्या फ्रे बेंटोस गावात प्रचंड कारखाना चालू झाला. गरिबांना स्वस्तात मांसाचं सत्त्व मिळेल, ही जाहिरात. काळपट, दाट, चिकट अर्काच्या बरण्या युरोपभर गेल्या. तो कारखाना आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण काही वर्षांतच डॉक्टर आणि संशोधक विचारायला लागले की या बरणीत पोषण आहे कुठे? प्रथिनं तर चोथ्यात राहिली, चरबी काढून टाकलेली. हातात राहिले क्षार आणि चव. शेवटी लिबिग यांनाही माघार घ्यावी लागली. अर्क हा मांसाची जागा घेणारा नाही, भूक आणि तरतरी आणणारा आहे, इथपर्यंत ते आले.

यापेक्षा गंभीर प्रकरण होतं बाळांच्या अन्नाचं. त्यांच्या मुलीला बाळाला पुरेसं दूध येत नव्हतं. लिबिग यांनी गाईचं दूध, गव्हाचं पीठ, माल्टचं पीठ आणि थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट यांचं सूप बनवलं. आईच्या दुधाचे आकडे जुळवले की दूध तयार, असा हिशोब. १८६५ मध्ये कृती जाहीर केली. काही बाळं त्यावर वाढलीही. पण १८६७ मध्ये पॅरिसमध्ये डेपॉल या डॉक्टरांनी हे सूप चार नवजात बाळांना दिलं आणि चारही काही दिवसांत दगावली. सूप बनवण्यातच चूक झाली असा बचाव केला गेला, पण पॅरिसच्या डॉक्टरांनी लिबिग यांना चांगलंच धारेवर धरलं. तांबोऱ्याच्या उपासमारीत मोठा झालेला हा माणूस भुकेवर रसायनशास्त्राने उत्तर शोधत होता, पण त्याच्या हातातल्या वजनकाट्यावर दुधातलं सगळंच मोजता येत नव्हतं. जीवनसत्त्वं हा शब्दही जन्मायचा होता.

त्या सूपची वंशावळ मात्र थेट आपल्या घरापर्यंत येते. लंडनमध्ये मेलिन नावाची कंपनी लिबिग यांच्या कृतीवरून बाळांचं अन्न विकायची. तिथे कामाला असलेला एक फार्मासिस्ट पुढे अमेरिकेत भावाकडे गेला आणि त्याने स्वतःची माल्ट पावडर काढली. त्याचं नाव जेम्स हॉर्लिक. हॉर्लिक्स!

१८ एप्रिल १८७३ ला म्युनिकमध्ये लिबिग वारले. गीसेनचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने चालतं.

कवचाची गोष्ट मात्र कुणी तपासली नव्हती. ती तपासली गेली १९३० च्या दशकात. अमेरिकेत मांसाचे सारखे तुकडे घेऊन काही आधी मोठ्या आचेवर भाजले, काही तसेच शिजवले, आणि आधी-नंतर वजन केलं. आधी भाजलेल्या तुकड्यांतून रस तितकाच गेला, काही वेळा जास्तच. म्हणजे कवच पाण्याला अडवत नाही. खरं तर हे पॅनच सांगत असतो. तो चर्र आवाज कशाचा? आतून बाहेर आलेलं पाणी तापलेल्या पॅनवर उडून जातं त्याचा. रस लॉक झाला असता तर आवाज बंद पडला असता.

मग चटका द्यायचाच कशाला? तर चवीसाठी. लिबिग गेल्यावर पाच वर्षांनी फ्रान्समध्ये लुई-कामी मायार जन्मला. शरीरात प्रथिनं कशी बनतात हे शोधताना त्याने १९१२ मध्ये साखर आणि अमिनो ॲसिड एकत्र तापवलं, तर मिश्रण तपकिरी झालं. पावाची कड, भाजलेली कॉफी, भाकरीवरचे डाग, सगळीकडे हीच प्रक्रिया. तिचा नीट नकाशा १९५३ मध्ये जॉन हॉज यांनी काढला, अमेरिकेतल्या पिओरिया शहराच्या सरकारी लॅबमध्ये, ऐन मक्याच्या पट्ट्यात.

ही प्रक्रिया पॅनवर वेगाने व्हायला साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. पाणी १०० ला उकळतं. म्हणजे स्कॅलॉप ओला असेल तोवर तो १०० च्या पुढे जाणारच नाही, नुसता वाफवला जाईल, रबरासारखा होईल, रंग येणार नाही. म्हणून शेफ लोक स्कॅलॉप आधी टिश्यूने टिपून टिपून कोरडे करतात. म्हणून पॅनमध्ये गर्दी करत नाहीत. म्हणून पॅकिंगच्या वेळी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून फुगवलेले स्कॅलॉप टाळतात, ते पॅनमध्ये पाणी सोडत बसतात. स्कॅलॉपमध्ये ग्लायसिन हे गोडसर अमिनो ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे रंग धरतो झकास. प्रत्येक बाजूला दीडदोन मिनिटं, शेवटी बटर, बस. जास्त वेळ ठेवला की रस चालला, कवच असो वा नसो.

आणि लिबिग यांचं ते इनोसिनिक ॲसिड? त्यांनी ते मांसाच्या रसातून काढलं तेव्हा ते पोषण शोधत होते. १९१३ मध्ये जपानमध्ये शिंतारो कोदामा यांना कळलं की सुकवलेल्या बोनिटो माशाची जी भरीव चव असते ती याच आम्लाच्या क्षारामुळे. आज उमामी म्हणतात ती हीच. इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्यात त्याचा क्षार सर्रास घालतात. लिबिग यांच्या हातात चवीचं गुपित होतं आणि ते त्याला सत्त्व समजत राहिले.

राहता राहिला मका. कोवळी कणसं किसणीवर किसली की दाणे फुटून दुधासारखा पांढरा रस निघतो. त्यात स्टार्च असतो, म्हणून मंद आचेवर क्रीम घालून ढवळलं की मैदा न घालता ग्रेव्ही दाट होते. कणीस मात्र ताजं हवं, कारण तोडल्यापासूनच त्यातली साखर कमी होत जाते. ही ग्रेव्ही प्लेटमध्ये आधी पसरायची आणि वर गरम स्कॅलॉप ठेवायचे. मिनिटभरात स्कॅलॉपच्या बुडाशी पाणी सुटलेलं दिसेल. रस लॉक झालाय असं सांगणाऱ्या रीलमध्येही ते दिसतं, बारकाईने बघा. तो रस वाया जात नाही, खालच्या मक्यात मुरतो.